माझा रेग्युलेटर आणि अण्णाची पारख

दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबून पाहिला आणि विचारलं, "एवढं काय चावत होता?"

तोंड उघडं असल्यामुळं मला उत्तर देता आलं नाही. ते मिटायची परवानगी मिळाल्यावरही मी जरा वेळ घेतला. धारवाडात डॉक्टर, वकील आणि मास्तर एकमेकांना ओळखून असतात, आणि दवाखान्यात बोललेलं संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पोचतं.

"रबर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्ची ओढून बसले. मग मला सगळंच सांगावं लागलं.

मी पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, आईबरोबर राहते. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा पोहायला जा असं सांगण्यात आलं, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी लहान मुलींच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकले. तेवढ्यावर थांबले असते. पण एका वर्षी कॉलेजची सहल मुरुडेश्वरला गेली. बाकी सगळे दर्शनाच्या रांगेत लागले आणि मी बंदराजवळची एक पाटी वाचत राहिले. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरवतात, अशी ती पाटी होती. पाव शतक मी मुलांना पाण्याचा दाब शिकवत आले होते. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. ते खरंच तसं होतं का, एकदा बघून यावं, एवढाच माझा विचार होता. ते खरं निघालं. दोन्ही कानांत एकदमच.

त्यानंतर मी रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, कार्ड मिळवलं, आणि सुट्टी मिळाली की मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटाजवळ बुडी मारायला लागले. सामान तिथलंच भाड्यानं घ्यायचं. आणि या भाड्याच्या सामानातच माझ्या जबड्याचं दुखणं होतं.

पाण्याखाली माणूस ज्यातून श्वास घेतो त्याला रेग्युलेटर म्हणतात. त्याचं एक पितळी डोकं टाकीच्या तोंडावर बसतं आणि आतला भयंकर दाब बराचसा उतरवतं. त्याला फर्स्ट स्टेज म्हणायचं. तिथून एक नळी निघते, नळीच्या टोकाला मुठीएवढी डबी असते. ती तोंडात धरायची. आपण ओढू तेवढीच हवा ती देते, सोडलेला श्वास बाहेर टाकते. डबीला मऊ रबराचं तोंड असतं, आणि ते दातांत धरायला रबराचेच दोन छोटे कान. माझ्या वाट्याला दर वेळी जो रेग्युलेटर यायचा, त्याचा उजवा कान माझ्याआधी कुणीतरी चावून खाल्ला होता. त्यामुळं मी डाव्या बाजूनं दुप्पट जोर लावून तो धरून ठेवायचे, चाळीस-चाळीस मिनिटं. शिवाय दर चार-पाच श्वासांमागं चमचाभर अरबी समुद्र आत यायचा तो वेगळाच.

"मग स्वतःचं घ्या की," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच्या दातांच्या मापाचं कशाला वापरायचं?"

इथं एक कबुली देऊन टाकते. मुरुडेश्वरच्या माझ्या प्रशिक्षकानं मला हे आधीच समजावलं होतं. तो तिकडचाच किनाऱ्यावरचा, तिशीचा, अतिशय शांत माणूस. "मॅडम, नुसतं तोंडाचं रबर बदलता येतं," तो म्हणाला होता. "प्लास्टिकची पट्टी कापायची, नवं रबर चढवायचं, नवी पट्टी ओढायची. दोन मिनिटांचं काम. पुढच्या वेळी तुमचं रबर घेऊन या." हे मी नीट ऐकलं आणि विसरायचं ठरवलं. कारण मला रेग्युलेटर हवा होता. आयुष्यात मी स्कूटर घेतली ती बस वेळेवर येत नव्हती म्हणून, मिक्सर घेतला तो आईचा हात दुखत होता म्हणून. एखादं यंत्र नुसतं हवंसं वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी मिळत होती.

घरी आल्यावर मी आईला जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं ती विरोध करेल. मी समुद्रात जाते हेच तिला पसंत नव्हतं. सुट्टीत मी मुरुडेश्वरला जाते ते देवदर्शनाला, असं ती शेजारी सांगायची.

"म्हणजे ते तोंडात धरायचं?" तिनं विचारलं.

"होय."

"आणि तुझ्या आधी कोण धरतं?"

"जो कोण आलेला असेल तो. बेंगळूरचे असतात, हैदराबादचे असतात."

"आणि मग तू."

"धुतात गं आई. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात."

तिनं घास खाली ठेवला. दीड वर्ष मी लोकांचं उष्टं तोंडात धरून समुद्राच्या तळाशी बसत होते, ही गोष्ट तिनं हळूहळू पचवली. बुडायची भीती, मासे, वय, लोक काय म्हणतील, सगळं मागं पडलं. "तुझं तुला घे," ती म्हणाली. "आजच घे." आणि मी हात धुवायच्या आत तिनं अण्णाला फोन लावला.

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. हुबळीत गोकुळ रोडला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. शेतीच्या पंपांना लागणारे पितळी व्हॉल्व्ह तो करतो. घरात मी शिकलेली आणि तो हुशार, असं आमचे अप्पा म्हणायचे. मला ते कधी आवडलं नाही आणि खोटंही वाटलं नाही. आईनं फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "हिला रेग्युलेटर पाहिजे. नवा. चांगला बघून आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आला आणि त्यानं टेबलावर गॅसच्या शेगडीचा रेग्युलेटर ठेवला. सोबत सुरक्षेचा शिक्का असलेली केशरी नळी आणि ती आवळायचे दोन पट्टे.

"जुना गळतोय काय?" त्यानं विचारलं. "वास तर येत नाही."

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि वहीवर आकृती काढून सगळं सांगितलं. अण्णा मध्ये बोलला नाही. आकृती त्यानं स्वतःकडे वळवून घेतली. पेन मागून घेतलं. माझ्या आकृतीतल्या स्प्रिंगची जागा बदलली. मी पाहिलं तर त्याची जागा बरोबर होती.

"म्हणजे आपला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हच की," तो म्हणाला. "लहान केलेला."

"तसंच काहीतरी."

"मी करून देतो."

"नको, अण्णा."

"पितळ माझ्याकडं आहे. स्प्रिंग कमरीपेठेत वाटेल तसली मिळते. आठ दिवस दे."

"अण्णा, नको."

"तीस वर्षांत माझा व्हॉल्व्ह गळला म्हणून कुणी परत आणलेला नाही."

"तुझा व्हॉल्व्ह पंपाला लावतात," मी म्हणाले. "याला माझी फुफ्फुसं लावायची आहेत."

यावर तो दुखावला. केशरी नळी गुंडाळून त्यानं पिशवीत घातली, आणि गॅसचा रेग्युलेटर मात्र "राहू दे, लागतो" म्हणून ठेवून गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं मोबाइलवर तीन तास काय काय पाहिलं होतं कुणास ठाऊक. "पिस्टनवाले असतात आणि पडद्यावाले असतात," तो नमस्कारसुद्धा न करता म्हणाला. "तुला कुठला पाहिजे?"

मला माहीत नव्हतं. मी आत्तापर्यंत फक्त रंग बघितले होते.

"बेडा," तो म्हणाला. म्हणजे नकोच. अण्णा एरवी आमच्याशी मराठीत बोलतो, पण निर्णय कन्नडमध्ये सांगतो. "तू एकटी जाऊन घेऊ नकोस. मी येतो."

चौकशी केल्यावर कळलं की डोळ्यांनी बघून, हातात घेऊन रेग्युलेटर निवडायचा तर आम्हाला जवळचं म्हणजे गोव्यातलं एक दुकान. ऑगस्टमधल्या एका सुट्टीच्या दिवशी पहाटे आम्ही अण्णाच्या मालाच्या व्हॅनमधून निघालो. अनमोड घाटात पाऊस काचेवर बादलीनं ओतल्यासारखा पडत होता. अण्णानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात मोजमापाचं व्हर्नियर होतं. "दुकानात मापं घेणार आहेस?" मी विचारलं. "बघू की," तो म्हणाला. मुलगी बघायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता त्याचा. अण्णाची मुलं मोठी होऊन आपापल्या ठिकाणी गेल्यापासून असा कार्यक्रम त्याच्या वाट्याला आला नव्हता.

दुकान लहान होतं. भिंतीवर रबरी पोशाख माणसांसारखे टांगलेले, खाली पायाला लावायची पंखं रांगेत. काउंटरमागं एक बाई होती, चाळिशीच्या आतबाहेरची, केस बारीक कापलेले, मनगटाला पुसायचं फडकं गुंडाळलेलं. अण्णानं आत शिरल्या शिरल्या मालक कुठं आहेत असं विचारलं. "मीच," ती कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाली. अण्णानं मग दुरुस्ती कोण करतं ते विचारलं. "मीच."

तिनं आम्हाला बसायला स्टुलं दिली आणि माझ्याकडं वळली. "कुठं बुडी मारता?"

"नेत्राणीला."

"वर्षाकाठी किती वेळा?"

"पंधरा," मी म्हणाले.

"सहा," अण्णा म्हणाला.

तिनं सहा लिहून घेतलं.

मग तिनं काउंटरवर तीन रेग्युलेटर मांडले. पहिला स्वस्त आणि साधा होता. टाकी रिकामी होत आली की त्यात श्वास ओढायला जोर लागतो, असं तिनं स्वतःच सांगितलं, आणि तो बाजूला सरकवला. दुसरा काळा, जड, पितळेवर चकाकी दिलेला, दिसायला अगदीच नळदुरुस्तीच्या दुकानातला. तिसरा निळा होता. आकाशी नव्हे, गडदही नव्हे, ऑक्टोबरमध्ये नेत्राणीचं पाणी असतं तसा. वजनाला हलका. डबीच्या बाजूला एक गोल कळ होती, ती फिरवून श्वास हलका-जड करता येत होता. अण्णानं ती कळ दोनदा फिरवली. "पंख्याला असते तसली," तो म्हणाला. मी निळ्यावरून हात काढला नाही.

"गळतो काय?" अण्णानं काळ्याकडं बोट करून विचारलं.

"सगळे गळतात, काका," ती म्हणाली. "वर्षानं, दोन वर्षांनी. आतलं रबर झिजतं. गळायला लागल्यावर तो कोण उघडणार आणि सुटे भाग कुठून येणार, ते आधी बघायचं."

अण्णानं स्टूल पुढं ओढलं. तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर माझं त्या दुकानात फारसं काम उरलं नाही. मागच्या बाकावर तिनं दुरुस्तीला आलेला एक जुना रेग्युलेटर उघडून ठेवला होता. अण्णानं तो बघू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, हात पुसून या. दोघं त्या बाकावर वाकले ते पाऊण तास सरळ झालेच नाहीत. अण्णाचं व्हर्नियर बाहेर आलं. तिनं स्वतःचं काढलं. त्यांची मापं जुळली तेव्हा दोघांनाही बरं वाटलेलं मला लांबून दिसलं. मधूनच "हे किती मायक्रॉन?" असं ऐकू यायचं. मी निळा रेग्युलेटर मांडीवर घेऊन बसले होते, दवाखान्यात दुसऱ्याच्या बाळाला सांभाळत बसावं तशी.

एकदा वाद झाला. रेग्युलेटर टाकीला बसवायच्या दोन तऱ्हा असतात. एक वरून क्लॅम्प घालून स्क्रू आवळायचा, दुसरी आट्यांनी टाकीच्या तोंडात फिरवायची. अण्णा अर्थातच आट्यांच्या बाजूचा.

"आट्यांचा जास्त पक्का, खरंच आहे," ती म्हणाली. "पण मुरुडेश्वरच्या टाक्यांना काय लागतं?"

"क्लॅम्प," मी लांबून म्हणाले. पाऊण तासात मला येणारं पहिलं उत्तर.

"मग आट्यांचा घेतला तर बोटीवर नुसता हातात धरून बसाल. मध्ये जोड लावावा लागेल."

"जोड मी करून देतो," अण्णा म्हणाला.

"नको," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

शेवटी श्वास घेऊन बघायची वेळ आली. तिनं कोपऱ्यातली भरलेली टाकी आणली, काळा रेग्युलेटर चढवला आणि डबी माझ्या तोंडात दिली. मी ओढलं. हवा कोरडी आणि थंड आली, न मागता आल्यासारखी. मग निळा. तोही तसाच, कळ फिरवली की आणखी सोपा. अण्णा समोर उभा राहून विचारत होता, "कसंय? जड जातंय? घशाला लागतंय?" तोंडात डबी असल्यामुळं मी फक्त डोळे मोठे करत होते. उलट उत्तर न मिळता मला इतके प्रश्न विचारायला त्याला जन्मात मिळालं नव्हतं. तो विचारतच राहिला.

"मला निळा पाहिजे," डबी काढून मी म्हणाले.

"निळा चांगलाच आहे," दुकानदार बाई म्हणाली. "वाईट म्हणणार नाही. फक्त त्याचे सुटे भाग इथं राहत नाहीत. मागवले की चार महिने. काळ्याचे माझ्याकडं कायम असतात, मुरुडेश्वरलाही असतात. तुमच्या समुद्रात पाणी गरम, तुम्ही जाणार पंधरा-अठरा मीटर. निळा जे जास्तीचं देतो ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"रंग कळतो की," मी म्हणाले.

"पाण्याखाली तो तुमच्या हनुवटीखाली असतो, मॅडम. तुम्हाला दिसणार नाही. माशांना दिसेल."

मी अण्णाकडं पाहिलं. काळ्याची डबी हातात घेऊन तो तोंडाच्या रबराची मुळाकडची बाजू बघत होता. तिथं एक बारीक प्लास्टिकची पट्टी आवळलेली होती. त्यानं ती नखानं सरकवून पाहिली.

"हे रबर निघतं की," तो म्हणाला.

"निघतं. दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली. आणि काउंटरवरच्या एका डब्याकडं तिनं बोट दाखवलं. त्यात तसली तोंडाची रबरं मूठभर पडली होती.

अण्णानं डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरची पंखं बघायला लागले.

आम्ही काळा घेतला. बरोबर पिवळ्या रंगाची एक जादा डबी, कारण पाण्याखाली सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायला ती लागते. निळा मी काउंटरवर ठेवला तेव्हा त्याला टोपण लावायला विसरले नाही.

परत येताना घाट चढून झाल्यावर चहाला थांबलो. अण्णा बशीत चहा ओतत म्हणाला, "तुझ्या जबड्याचं औषध त्या डब्यात होतं."

"होय."

"तुला माहीत होतं."

"होय."

तो चहा फुंकत राहिला. मला वाटलं, आता हा आईला सांगणार, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक सणाला हे निघणार. व्हॅनच्या टपावर पाऊस वाजत होता.

"मी नवीन लेथ घेतला तेव्हा जुना चांगला चालत होता," अण्णा म्हणाला. "अप्पाला सांगितलं होतं, काम पकडायचा चक मोडला."

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्या मोडलेल्या चकची कथा मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. अप्पा ती पाहुण्यांना सांगायचे.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. माझं का त्याचं, ते त्यानं सांगितलं नाही.

पावसात समुद्र बंद असतो. त्यामुळं श्वास घ्यायचं माझं यंत्र दोन महिने धारवाडात, समुद्रापासून तीन-चार तासांवर, कपाटात राहिलं. एकदा न राहवून मी दार लावून ते तोंडात धरलं आणि ओढलं. मागं टाकी नसल्यामुळं काहीच आलं नाही, गाल तेवढे आत गेले. नेमकी तेव्हाच आई दार ढकलून आत आली. तिनं मला तसं पाहिलं आणि "सवय करायलीस होय," म्हणून दार पुन्हा ओढून घेतलं.

दसऱ्याला तिनं रेग्युलेटर आयुधपूजेत मांडला. पाटावर विळी, माझी स्कूटरची किल्ली, शिवणाचं मशीन शेजारी, आणि मधोमध नळ्या पसरून काळा रेग्युलेटर, एखादा मोठा कोळी बसावा तसा. अण्णा वर्कशॉपची पूजा उरकून आला होता. स्वतःच्या लेथला तो मुठीनं कुंकू लावतो. पण आईनं हळदीची चिमूट डबीकडं नेली तसा त्यानं तिचा हात धरला.

"त्यात पूड जाईल," तो म्हणाला. "झडपेखाली बसली की गळणार."

"पूजा आहे ही."

"पिशवीला लाव."

आईनं पिशवीला पाच बोटं हळदकुंकू लावलं, आणि समाधान झालं नाही म्हणून टाकीला लावायच्या स्क्रूच्या बाहेरच्या डोक्यावर एक ठिपका दिला. तो मी पुसला नाही.

ऑक्टोबरअखेर आम्ही मुरुडेश्वरला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. त्याला बोलावलं नव्हतं. व्हॅन घेऊन तो दारात उभा राहिला, मागं हत्यारांची पेटी आणि बाटलीत साबणाचं पाणी, गळती बघायला. बोटीवर माझ्या प्रशिक्षकानं रेग्युलेटर टाकीला बसवला, हवा सोडली, आणि जोडाजवळून बारीक फुसफुस ऐकू आली. अण्णाचा चेहरा पडला. त्यानं निवडलेलं यंत्र होतं. त्यानं साबणाचं पाणी ओतलं, बुडबुडे आले, तो वाकून बघत राहिला, आणि मग एकदम ताठ झाला.

"आपलं नव्हे," तो म्हणाला. "टाकीच्या तोंडातली रबरी ओ-रिंग चिरली आहे. रेग्युलेटर ठीक आहे."

प्रशिक्षक तेच सांगायला तोंड उघडत होता. त्यानं ते मिटलं, हसून टाकीची ओ-रिंग बदलली, आणि फुसफुस थांबली. अण्णानं खिशातून वेगवेगळ्या मापांच्या ओ-रिंगांची पुडी काढली होती, ती कुणाला दाखवायला मिळाली नाही.

बेटाजवळ बोट थांबली तशी ती डोलायला लागली आणि अण्णा कठड्याला धरून बसला. मी पाण्यात गेले तेव्हा त्याचा रंग बदलत चालला होता. खाली पाणी स्वच्छ होतं. खडकाच्या कपारीत सापासारखा एक ईल मासा तोंड उघडमीट करत होता. पिवळ्या माशांचा एक थवा आमच्यापुढं वळला आणि पुन्हा वळून आला. एका कासवामागं आम्ही बराच वेळ गेलो. वर यायची खूण झाली, दाबाचा काटा बघितला, तेव्हा मला आठवलं की तोंडात नवा रेग्युलेटर आहे. पंचेचाळीस मिनिटांत मी त्याचा एकदाही विचार केला नव्हता.

बोटीवर अण्णा आडवा होता. डोळे मिटलेले. "कसा आहे?" त्यानं विचारलं.

"कळलंच नाही की आहे म्हणून."

"बरोबर," तो म्हणाला आणि पुन्हा कठड्याकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी प्रशिक्षण केंद्राच्या लहान तलावात सामान धूत होते. नवशिक्यांना शिकवायचा तो तलाव, कमरेएवढ्या पाण्याचा. अण्णा काठावर बसून पाय बुडवून होता. त्याला पोहता येत नाही, पाण्यात उतरल्याचं मी कधी पाहिलं नाही. आदल्या दिवशीच्या टाकीत अजून बरीच हवा होती. प्रशिक्षकानं त्याच्याकडं पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "सर, ज्याची एवढी पारख केलीत, ते एकदा वापरून तरी बघा."

अण्णानं मानेनं नकार दिला. नंतर शर्ट काढून घडी घातली, घड्याळ शर्टावर ठेवलं, आणि बनियन-चड्डीवर पायऱ्या उतरला. प्रशिक्षकानं माझा रेग्युलेटर त्या टाकीला चढवला, त्याच्या डोळ्यांना काच लावली, माझी पिवळी जादा डबी त्याच्या तोंडात दिली आणि फक्त एकच गोष्ट तीनदा सांगितली, श्वास रोखायचा नाही, घेत राहायचं. गुडघ्यावर बसून तोंड पाण्यात घालायचं. भीती वाटली तर उभं राहायचं, पाणी कमरेएवढंच आहे.

अण्णा गुडघ्यावर बसला. डोकं पाण्याखाली गेलं. पहिले बुडबुडे घाईघाईनं आले, एकावर एक. मी पुढं झाले, पण प्रशिक्षकानं हातानं थांबवलं. मग बुडबुडे हळू झाले. थांबून थांबून, एकसारखे यायला लागले. पाण्याखाली अण्णा फरशीकडं बघत होता. मग त्यानं एक हात उचलून स्वतःचेच बुडबुडे वर जाताना पाहिले, मान वळवून. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मी सामान धुवायचं सोडून काठावर बसले. गेल्या चार महिन्यांत अण्णा इतका वेळ काही न बोलता राहिला नव्हता.

शेवटी तो उभा राहिला. काच कपाळावर चढलेली, मिशीतून पाणी गळतंय. त्यानं डबी तोंडातून काढली, तिच्याकडं उलटून पालटून पाहिलं. प्रशिक्षकाला विचारलं, "इन्नू एष्ट ऐती?" अजून किती आहे?

प्रशिक्षकानं काटा बघितला. "भरपूर आहे, सर."

अण्णानं डबी परत तोंडात धरली, काच पुन्हा नाकावर नीट बसवली आणि खाली गेला.